मक्यासाठी लवकर पाडलेली रात्र

शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्यानं माझा मका बाटवला, ही तक्रार मी आमच्या दुकानात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ऐकवली आहे. भेंडी निवडणाऱ्या बायकांना, पार्सिपनीहून शनिवारी गाडी भरून सामान न्यायला येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना, एकदा तर देवळातल्या पुजाऱ्यालासुद्धा. माझी बायको म्हणायची, "मका काय सोवळ्यात होता का?" तिला मी उत्तर द्यायचो नाही. ती गल्ल्यावर बसते, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी दुकानात भांडू नये हा माझा नियम आहे. तक्रार अजून निम्मी शिल्लक आहे. उरलेल्या निम्मीचं काय झालं ते इथे लिहितो.

अमेरिकेत आयसेलिनला आमचं भाजीचं दुकान आहे. मी इथे मेव्हण्याच्या कागदांवर आलो, दुसऱ्याच्या गोदामात पोती उचलली, मग एका फोनकार्ड विकणाऱ्या माणसाबरोबर निम्मं दुकान भाड्यानं घेतलं आणि पुढे त्याचं निम्मंही घेतलं. शाळा मी फार केली नाही. घासाघीस करणं एवढंच माझं शिक्षण, आणि राग येणं हा त्यातला तोटा. दोन्हींवर संसार झाला.

उन्हाळ्यात शनिवार-रविवारी मी दुकानाबाहेर शेगडी मांडून कणसं भाजतो. गिऱ्हाईक लिंबू-तिखट-मीठ चोळून घेतं, दोन घास खातं आणि म्हणतं, काका, छान आहे, पण गावाकडची मजा नाही. हे मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. खरंच आहे ते. इथलं कणीस गोड असतं, मऊ असतं, पाण्यात उकडून लोणी लावायला चांगलं. निखाऱ्यावर ठेवलं की सुरकुततं. त्याला चिवटपणा नाही. दाताला काम नाही. आमच्याकडची माणसं कणीस घेताना पानं सोलून दाण्याला नख लावून बघतात, चीक किती घट्ट आहे ते. इथल्या कणसाला नख लावलं तर साखरपाणी अंगावर उडतं. अमेरिकन शेतकऱ्याच्या स्टॉलवर आपले लोक असं सोलून सोलून बघतात तेव्हा तो मालक डोक्याला हात लावतो. मी मात्र त्यांची बाजू घेतो. न बघता माल घ्यायचा कसा?

मागणी आहे आणि माल नाही, हे मला सहन होत नाही. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशात. माझे वडील डोंगरउताराला पावसाच्या भरवशावर मका लावायचे. पांढरा, टणक दाण्याचा. त्याला वेगळं नाव नव्हतं, आपला मका म्हणायचे. वडील गेल्यावर भावानं हायब्रीड लावलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यालाही पोट आहे. पण एकदा गावी गेलो तेव्हा वहिनीनं स्वयंपाकघरातून धुरानं काळी पडलेली काही कणसं काढून माझ्यापुढे ठेवली. "मामंजींच्या बियाण्याची आहेत. दरवर्षी मीच थोडी लावून बी जिवंत ठेवत होते, आता माझ्या गुडघ्यानं होत नाही," ती म्हणाली. गावात तो मका आता कुणाकडेच नव्हता. परवाने काढून, तपासण्या करून ते बियाणं इथे आणायला मला बराच काळ लागला. हे सगळं करताना मी जेवढा शांत राहिलो तेवढा जन्मात राहिलो नव्हतो.

बी आलं. जमीन हवी होती. तासाभराच्या अंतरावर दक्षिणेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पट्टी भाड्यानं मिळणार होती. तो एकटा राहायचा. भोपळे लावायचा, आणि शरद ऋतूत लोक सजावटीसाठी दारावर बांधतात ती लाल-जांभळ्या-पिवळ्या दाण्यांची कणसं. त्यांना इथे इंडियन कॉर्न म्हणतात. आपल्याशी त्याचा काही संबंध नाही. या भूमीवरच्या मूळ लोकांचा तो मका.

भाड्याची बोलणी मी नेहमीसारखी सुरू केली. अगदी खालचा भाव सांगितला आणि वाट बघत उभा राहिलो. म्हातारा झाडांकडे बघत राहिला. आमच्याकडे समोरचा गप्प बसला तर तो एक तर रागावलेला असतो किंवा उठून जाणार असतो. मी थोडा भाव वाढवला. तो झाडांकडेच बघत होता. मी पुन्हा वाढवला. मग तो म्हणाला, बरं. नंतर कळलं, त्याला कमी ऐकू येतं आणि पहिले दोन भाव त्यानं ऐकलेच नव्हते. समोरच्यानं तोंड न उघडता मी माझ्याच विरुद्ध दोनदा बोली लावली, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. तिथपासून माझा त्याच्यावर राग.

पहिल्या वर्षी निम्मं बी पेरलं. उगवण बघून मी वेडा झालो. जूनच्या शेवटी डोक्याएवढा, जुलैत डोक्याच्या खूप वर. रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. मला अभिमान वाटायचा. पण तुरा येईना. ऑगस्ट गेला, शेजारच्या म्हाताऱ्याचा मका पिकून वाळायला लागला आणि माझा आपला वाढतोच आहे. वाढतोच आहे, आणि पोटात काही नाही.

वडिलांचा एक नियम होता: काठाचं कणीस खायचं, बियाणं शेताच्या मधल्या सगळ्यात उंच ताटाचं धरायचं. काठावरच्या थोड्या ताटांना मोजकी कणसं लवकर धरली होती. ती मी नियमाप्रमाणे खाण्यासाठी बाजूला ठेवली आणि मधल्या उंच ताटांची वाट बघत बसलो. सप्टेंबर सरताना त्यांना तुरे आले. मग पहिला फ्रॉस्ट पडला, म्हणजे रात्रीत पानं गोठवणारी थंडी, आणि सगळं उकडल्यासारखं काळं पडलं. काठाची ती कणसं सोलली तर पांढऱ्या दाण्यांवर जांभळे ठिपके. कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे.

मी कणीस हातात घेऊन म्हाताऱ्याच्या दारात गेलो. त्याच्या रंगीत मक्याचा पराग उडून आला हे कळायला पंडित लागत नाही. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. इंग्रजी कमी पडलं तिथे मराठी वापरलं. तो पायरीवर बसून ऐकत होता, म्हणजे त्याच्या परीनं ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "वारा माझा नाही."

"पण मका तुझा आहे. भाडं घेताना सांगायचं नाही?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. "तू फक्त भावाचं बोलत होतास."

हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं राहिलं. दुकानात मी त्याची नक्कल करून दाखवायचो. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी उरलेलं बी पेरलं, त्याच्या शेतापासून शक्य तितकं लांब. एक मूठ तेवढी मागे ठेवली. पुन्हा तेच. उंच हिरवं रान आणि मग फ्रॉस्ट. पण बायकोनं माझ्या नकळत एक काम केलं होतं. ती ठिपक्यांची कणसं मी कोपऱ्यात भिरकावली होती, त्यांचे दाणे तिनं घरामागच्या तिच्या भेंडीच्या वाफ्याशेजारी टोचले. विचारलं तर म्हणाली, दाणा टाकून द्यायचा नसतो, तुमच्याच आईनं शिकवलंय. तिच्या त्या मक्याला ऑगस्टमध्ये तुरे आले. कणसं भरली. ती शेगडीवर भाजली तेव्हा मी पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा. दाताला काम होतं. चव बरीचशी घरची होती. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिला 'छान' ऐकण्याचं सुख दिलं नाही, निदान त्या दिवशी.

गिऱ्हाइकांनी मात्र ठिपके बघून नाक मुरडलं. काका, हे किडलंय का? काका, यावर बुरशी आहे. मी ती कणसं वेगळ्या टोपलीत ठेवली, स्वस्त. एक मुलगी आली, परभणीची, इथल्या विद्यापीठात पीएचडी करणारी. तिनं शेजारच्या टोपलीतल्या इथल्या गोड कणसांना हात लावला नाही, ठिपक्यांची टोपलीच उचलली. मला संशय आला. एखादा माणूस खराब माल खुशीनं घेतो तेव्हा त्याला काहीतरी ठाऊक असतं, जे आपल्याला ठाऊक नाही. मी लगेच भाव वाढवला. ती हसली आणि वाढीव भावानं घेऊन गेली. मग मला आणखीच चुटपुट लागली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली आणि शेत बघायचं म्हणाली. बायकोही बरोबर निघाली. गाडीत मी तिला पूर्ण तक्रार ऐकवली. ती रोपांच्या डीएनएवर काम करत होती, त्यातही अशा तुकड्यांवर, जे एका जागी राहत नाहीत. शेताच्या बांधावर बसून तिनं एक कणीस सोललं आणि ठिपक्यांवर बोट ठेवलं.

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. दाण्याला जांभळा रंग देणारं एक जनुक असतं. त्याच्यामध्ये एक उपरा तुकडा येऊन बसला की ते जनुक बंद पडतं, दाणा पांढरा. पण दाणा वाढत असताना काही पेशींत तो तुकडा उठून निघून जातो. तिथे रंग परत सुरू होतो आणि त्या पेशीची सगळी पिल्लं जांभळी होतात. तुकडा लवकर उठला तर मोठा ठिपका, उशिरा उठला तर बारीक. म्हणजे तो डाग नव्हता. एक तुकडा कधी उठून गेला त्याची ती खूण होती. ती म्हणाली, मक्याच्या डीएनएचा बहुतेक भाग असल्याच तुकड्यांनी आणि त्यांच्या नकलांनी भरलेला आहे. माणसाचासुद्धा निम्म्याच्या आसपास.

मी धंद्याचा माणूस. पहिला प्रश्न तोच विचारला, जो मी कुणालाही विचारतो. "यात त्या तुकड्याला काय मिळतं?"

"काही नाही काका. स्वतःच्या कॉपीज करायच्या, बस. झाडाचं काय होतं त्याचं त्याला काही पडलेलं नाही."

"म्हणजे आमच्या रोडवरच्या ज्वेलरीवाल्यासारखं. चालो न चालो, शाखा उघडायच्या."

"एक्झॅक्टली. आणि बहुतेक शाखा तोट्यात जातात. पण एखादी अशा कोपऱ्यावर उघडते की सगळ्या रस्त्याचं ट्रॅफिक बदलतं."

मग तिनं मला माझ्या उंच मक्याचं कोडं सोडवून दिलं, आणि तिथे माझा सगळा हिशेब कोलमडला. आमच्या गावी दिवस आणि रात्र यांत फार फरक नसतो. तिकडचा मका लांब रात्रीची वाट बघतो. रात्र पुरेशी लांब झाली की तो समजतो, आता तुरा काढायचा. इथे जूनमध्ये सूर्य मावळायचं नाव घेत नाही, म्हणून माझा मका आपली वेळ यायचीय असं समजून नुसता वाढत बसला. पण इथल्या उत्तरेकडच्या मक्यानं ही वाट बघणं हजारो वर्षांपूर्वीच सोडलं. दिवसाची लांबी ओळखणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी असाच एक उडता तुकडा येऊन बसला आणि ते जनुक दबलं. त्या वेळच्या माणसांनी लवकर पिकणारी कणसं बघून तीच बियाण्याला धरली, आणि मका त्यांच्या हातानं हळूहळू उत्तरेला सरकत आला. त्यांना तुकडा ठाऊक नव्हता. कुठलं कणीस धरायचं एवढं ठाऊक होतं.

"म्हाताऱ्याच्या रंगीत मक्यात तो तुकडा असणार," ती म्हणाली. "काकूंचा मका पिकला तो त्यामुळे. ठिपके वेगळ्या तुकड्याचे, लवकर पिकणं वेगळ्या तुकड्याचं. पण दोन्ही एकाच वाऱ्यानं आले."

मी वडिलांचा नियम सांगितला. ती हळू आवाजात म्हणाली की तो नियम तिथे अगदी बरोबर होता. मधलं ताट म्हणजे आपल्याच शेताचा पराग, उंच ताट म्हणजे ताकद. पण इथे सगळ्यात उंच म्हणजे सगळ्यात उशिरा. मी दरवर्षी फ्रॉस्टसाठी निवड करत होतो. हे तिनं इतक्या सांभाळून सांगितलं की मला रागवायला जागाच राहिली नाही.

तिला मी एक कोडं घातलं. बायकोच्या वाफ्यात ठिपक्यांचे दाणे टोचले तरी एका ताटाची कणसं पांढरी शुभ्र निघाली होती. ती म्हणाली, यात थोडा भाग साधा आहे, आईकडून काय आलं आणि बापाकडून काय. पण कधी कधी तुकडा जागेवरच असतो आणि झोपलेला असतो. पेशी त्याच्यावर बारीक रासायनिक खुणा करते. मजकूर तोच, फक्त बंद. मी म्हणालो, शटर पाडल्यासारखं. दुकान आहे, माल आहे, शटर खाली. तिला ते आवडलं. ती म्हणाली, आणि कधी कधी शटर पाडलेलंच दुकान पुढच्या पिढीच्या हातात येतं. पिढ्यांनंतर एखाद्याच्या हातून उघडतं. थंडी पडली, अन्न तुटलं की काही शटर सैल होतात.

"म्हणजे गरज पडली की मका स्वतः शटर उघडतो?" मला ते आवडलं होतं. माझ्यासारखा वाटला.

"नाही काका, असं नका समजू. मका ठरवत नाही. सैल झालं की तुकडे कुठेही जाऊन बसतात. बऱ्याच वेळा झाडाचं वाटोळं होतं. एखाद्याचं भलं होतं आणि नेमकं तेच उरतं. आपण उरलेलंच बघतो, म्हणून वाटतं की हुशारी होती."

मी जिद्दीनं वर आलो असं मी नेहमी सांगतो. माझ्याबरोबर पोती उचलणारे बाकीचे आता कुठे आहेत, हे मी कधी कुणाला सांगत नाही, कारण मला ते माहीत नाही. परतीच्या गाडीत मी त्यांची नावं आठवत राहिलो. बायकोनं रेडिओ लावला.

पण माझी एक मूठ पांढरं बी अजून डब्यात होतं. ठिपक्यांचा मका बाजाराला चांगला होता. मी त्याला नावं ठेवत नव्हतो. पण वडिलांचा मका तो नव्हता. ती मूठ पेरली तर पुन्हा रान वाढणार आणि फ्रॉस्ट खाणार. न पेरली तर डब्यात मरणार. त्यानंतर जगात तो मका कुठेच नाही. मी त्या परभणीच्या मुलीला विचारलं, उपाय सांग. ती म्हणाली, मक्याला लवकर रात्र दाखवा. रोपं लहान असताना काही आठवडे रोज ऊन असतानाच काळ्या ताडपत्रीनं झाकायची आणि सकाळी उघडायची. त्याला वाटेल आपण गावातच आहोत. एकदा आत तुरा धरला की मग झाकायची गरज नाही. यासाठी ग्रीनहाऊस हवं, म्हणजे इतर पराग येणार नाही आणि वसंतात लवकर सुरुवात करता येईल. आणि तिथे रोज संध्याकाळी आणि सकाळी हजर असणारा माणूस हवा.

त्या भागात ग्रीनहाऊस एकाकडेच होतं.

मी दोन आठवडे दुसरं ग्रीनहाऊस शोधलं. मग बायको म्हणाली, "जा आता. तो काही तुम्हाला खाणार नाही. त्याला ऐकू पण येत नाही."

गेलो. या वेळी मी ठरवलं होतं की आधी बोलायचं नाही. पायरीवर त्याच्या शेजारी बसलो आणि मीही झाडांकडे बघत बसलो. तो बसला, मी बसलो. शेवटी तोच म्हणाला, "तुझा तो उंच मका. या वर्षी लावणार आहेस?"

मी म्हणालो, का?

तो म्हणाला, "ती ताटं मला पाहिजेत."

इथे ऑक्टोबरमध्ये लोक मक्याची वाळलेली ताटं जुडी बांधून दाराच्या खांबांना लावतात, शेजारी भोपळे ठेवतात. त्याची ताटं ठेंगणी. माझी दुप्पट उंच. त्याच्या गिऱ्हाइकांनी दोन वर्षं कुंपणापलीकडे बोट दाखवून विचारलं होतं की ती विकायची आहेत का. आणि मी ती ट्रॅक्टरखाली घालून मातीत गाडत होतो. माझ्या नापास मक्याला बाजारभाव होता, आणि तो याला ठाऊक होता, मला नाही.

"दोन वर्षं तू बोलला नाहीस?" मी विचारलं.

"तू रागात होतास," तो म्हणाला.

घासाघीस झाली, आणि ती माझ्या आयुष्यातली चांगली घासाघीस होती, कारण या वेळी मी मोठ्यानं बोललो आणि तो ऐकत होता. ठरलं ते असं: ग्रीनहाऊसची एक बाजू माझी, बाहेरच्या पट्टीत ठिपक्यांचा मका माझा, आणि कडेला मी त्याच्यासाठी बाजारातून बी आणून मुद्दाम उंच वाढणाऱ्या मक्याची एक रांग लावायची. ताटं त्याची. झाकाझाकीचं काम कोण करणार यावर मी म्हणालो की मी येईन. तो काठी घेऊन उठला.

मी येईन म्हणालो खरा, पण दुकान संध्याकाळीच भरतं. ऑफिसं सुटतात, लोक येतात, कोथिंबिरीवरून भांडतात. पहिले काही दिवस मी धावतपळत गेलो, एकदा टर्नपाइक हायवेवर अडकलो आणि पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मला वाटलं, संपलं. ग्रीनहाऊसमध्ये गेलो तर पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्री नीट ओढलेली, कडेनं विटा ठेवलेल्या. त्यानंतर मी जाईन तेव्हा झाकलेलंच असायचं. सकाळी फोन करावा तर तो उचलायचा नाही, पण रोपं उघडलेली असायची. तो जेवायच्या आधी काठी टेकत जायचा, ऊन असताना माझ्या मक्यावर रात्र ओढायचा आणि मग घरी येऊन स्वतः उजेडात जेवायचा. आभार मानायला गेलो असतो तर त्यानं झाडांकडेच बघितलं असतं.

जूनमध्ये एका सकाळी त्याचा फोन आला. तो स्वतः फोन करत नाही, म्हणून मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तो म्हणाला, "तुझा मका धूळ सोडतोय." धूळ म्हणजे पराग. मी दुकान बायकोवर टाकून निघालो. ग्रीनहाऊसमध्ये माझ्या छातीएवढी रोपं, एकही उंच नाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तुरा. वडिलांच्या शेतात मी असा बुटका मका कधी पाहिला नव्हता. पण पानाची ठेवण तीच होती, कणसाच्या केसांचा फिकट हिरवा रंग तोच. मुलीनं फोनवरून सांगितलं तसं आम्ही दोघांनी तुरे कागदी पिशव्यांत झटकले आणि तो पराग कणसांच्या केसांवर शिंपडला. म्हाताऱ्याचे हात थरथरतात, म्हणून त्याच्या हातून जास्त सांडत होता. मी पहिल्यांदा ओरडणार होतो. मग दिसलं की सांडतोय तो बरोबर केसांवरच.

कणसं लहान निघाली. दाणे पांढरे, टणक. सोलताना म्हाताऱ्यानं एक दाणा नखानं दाबून बघितला, आपल्या लोकांसारखाच, आणि मी हसलो तेव्हा त्याला कळलं नाही का हसलो. मूठभर बियांची ओंजळभर झाली होती. मुलीनं थोडं बी विद्यापीठाच्या थंड खोलीत ठेवायला नेलं. थोडं मी भावाकडे पाठवायचे कागद करतो आहे. वहिनीला फोनवर सांगितलं तर ती रडली आणि मग विचारू लागली की अमेरिकेत भाव काय मिळाला. आमच्या घरात हे रक्तातच असावं. मुलगी म्हणते, रक्तातलं सगळंच डीएनएत असतं असं नाही, काही शिकवलेलंही असतं.

ठिपक्यांची कणसं मी आता वेगळ्या टोपलीत ठेवत नाही. किडलंय का विचारलं की सांगतो, एक तुकडा इथून उठून गेला, त्याची ही खूण. बहुतेक जण समजल्यासारखी मान हलवतात आणि आणखी लिंबू मागतात. बायकोनं तो मका वाचवला नसता तर मला काहीच कळलं नसतं, हे मी तिला गेल्या उन्हाळ्यात शेवटी सांगितलं. ती म्हणाली, उशिरा पिकणारं वाण आहे तुमचं.

म्हाताऱ्यावरची निम्मी तक्रार मात्र कायम आहे. भाडं ठरवताना त्यानं परागाचं सांगायला हवं होतं, आणि ताटांचं तर नक्कीच. हे मी त्याला दरवर्षी सुनावतो आणि तो दरवर्षी ऐकू न आल्यासारखं करतो. त्याचे गुडघे आता फार दुखतात. या वसंतात त्यानं ताडपत्रीच्या घडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता तुझी पाळी." संध्याकाळच्या गर्दीसाठी मी एक माणूस बघतो आहे. तोपर्यंत चार वाजले की ताडपत्री ओढायला मी दुकानातून निघतो, गिऱ्हाईक काहीही म्हणो.